आ कर

आमच्या भोकरदनला एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. एक वेळ सोडली तर त्या कधी माणसाच्या डोळ्यांत बघून बोलल्याचं मला आठवत न्हाई. समोर तहसीलदार असो नाहीतर मेथी विकणारी, बाईंची नजर जी नाकाखाली उतरायची ती तिथंच मुक्काम करायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या मिशीला काहीतरी चिकटलंय. तो बिचारा बोलता बोलता मिशी पुसायला लागायचा आणि बाई म्हणायच्या, "हात काढा, मला दिसत न्हाई."

माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहायची न्हाईत. आमच्या घरात इतकी वर्षं राहिल्या, पण माझ्या दिराला शेवटपर्यंत "ते फिरलेल्या सुळ्याचे" असंच म्हणायच्या. एकदा गल्लीतल्या लग्नात नवरीच्या आईनं कौतुकानं पोरगी पुढं केली, तर बाई भरल्या मांडवात म्हणाल्या, "हिला ओळखते ना मी. हिला खालचा एक दात मुळातच न्हाई, दुधाचाच राह्यलाय." नवरदेवाची मावशी शेजारीच बसलेली. त्या मावशीला समजावता समजावता माझी पंगत हुकली. बाईंना त्याचं काहीच न्हाई. त्यांच्या मते त्यांनी पोरीची चांगली ओळख दिली होती.

अंगानं उंच, आवाज मोठा, सुती साडीवर पायात शाळेतल्या पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये एक छोटा आरसा, एक बॅटरी आणि गूळ-शेंगदाण्याची पुडी. दाताच्या डॉक्टरनं गूळ खावा का, असं कुणी टोकलं की म्हणायच्या, खाण्यानं दात जात न्हाईत, खाऊन तसंच बसल्यानं जातात. आणि लगेच उठून चूळ भरायच्या. ती चूळ साधी नसायची. माझ्या शिलाई मशीनच्या वर तिचा आवाज जायचा.

माझं मशीन आणि त्यांचा दवाखाना यांच्यात एक प्लायवूडची भिंत तेवढी होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी पडली होती, ती त्यांनी भाड्यानं घेतली. मी तिकडं मंठ्याजवळच्या खेड्यातली, लग्न होऊन इकडं आले आणि ब्लाउज शिवायला लागले. त्यामुळं दिवसभर माझा पाय मशीनवर आणि कान भिंतीला. बाई मूळच्या जालन्याच्या, औरंगाबादला शिकलेल्या. जालन्यात का दवाखाना काढला न्हाई, असं आल्यागेल्यानं विचारावं आणि बाईंनी एकच सांगावं: जालन्यात बघणारे आहेत, इकडं पोरांच्या तोंडात अजून कुणी बघितलंच न्हाई.

पाटीचीही गंमत झाली. पेंटर विचारून राह्यला, मॅडम, पूर्ण नाव, डिग्री, वेळ काय काय लिहू. बाई म्हणाल्या, "दात" लिही. पुढं काय? पुढं काही न्हाई. एवढ्या मोठ्या पत्र्यावर एकच शब्द बघून लोक पहिले थोडे दिवस हसले. पण धावड्याहून, पार लांबलांबच्या खेड्यांतून येणाऱ्या म्हाताऱ्यांना स्टँडवर कुणाला विचारायची गरज पडली न्हाई, तेव्हा हसणं आपोआप बंद झालं.

दवाखान्यात मोठी माणसं बाकावर गालाला हात लावून बसलेली असायची आणि बाई आत कुठल्यातरी पोराला मांडीवर घेऊन त्याचे दात मोजत बसायच्या. मोठ्यांनी कुरकूर केली की भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "तुमचे जाणारे आहेत, ह्याचे येणारे आहेत. येणाऱ्याचं आधी बघावं लागतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ब्लाउजची मापं घेताना माझ्याच तोंडून निघायचं.

पोरांच्या तोंडात कुठं जास्तीचा दात, कुठं दोन दात जन्मापासून चिकटलेले, कुठं एखादा दात उगवायलाच विसरलेला, असं काही सापडलं की बाईंना घास गोड लागायचा. संक्रांतीला गल्लीतली सगळी पोरं आमच्या दारात यायची. बाई उंबऱ्यात पाट टाकून बसायच्या. बॅटरी एका हातात, तिळगुळाचा डबा मांडीवर. आधी आ, मंग तिळगूळ. पोरं पण इतकी लबाड, दोन-दोनदा रांगेत यायची. बाईंना चेहरा काही ओळखू यायचा न्हाई, पण तोंड उघडलं की म्हणायच्या, "तू आत्ताच घेऊन गेलास, चल पळ."

धावड्याला एका घरात बाळ दात घेऊन जन्मलं. आमच्याकडं असं पोर मामाला जड समजतात. घरात रडारड झालेली, बाळाच्या आजीनं मामाला तोंड बघायची मनाई केलेली, आणि बाळंतिणीला कुणी सांगितलेलं की पाजू नको. बाईंना हे कळलं ते दाढ काढायला आलेल्या त्या घराच्या शेजाऱ्याकडून. त्याची दाढ काढली आणि त्याच्याच सोबत मिळेल त्या जीपनं धावडा गाठलं. दात हलतो का ते बोटानं बघितलं. हलत नव्हता. म्हणाल्या, हा दुधाचाच आहे, जरा जल्दी आलाय, राहू द्या, टोचला तर मला बोलवा. मंग म्हणाल्या, मामाला बोलवा. मामा आला तो दारातच उभा. बाईंनी बाळ उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं, वर चहा मागवला आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत त्याला उठू दिलं न्हाई. ते बाळ पुढं चालायला लागलं आणि मामाच त्याला दरवर्षी आमच्या दारात तिळगुळाला घेऊन यायचा.

पण मी हे सगळं सांगत बसले ते मनीसाठी. मनी माझी थोरली. बाई खोली बघायला आल्या त्या दिवशी मनीनं त्यांना पाणी दिलं. एक हात तांब्याला, दुसरा तोंडावर. तिची ती सवयच झाली होती. बोलायचं तरी हातामागून, हसायचं तरी हातामागून. बाईंनी खोलीकडं बघितलंच न्हाई. "हात काढ," म्हणाल्या. "आ कर." मनी तांब्या तिथंच टाकून आत पळाली.

मंग मला सगळं सांगावं लागलं. मनीचे वरचे पुढचे दोन दुधाचे दात पडले, तेव्हा ती पहिलीत होती. एक घरी पडला. आमच्यात पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर फेकतात, तो तसा फेकला, आणि त्याच्या जागी चांगला रुंद दात आला. दुसरा शाळेत खो-खो खेळताना पडला आणि मातीत हरवला. त्या जागी काहीच आलं न्हाई. वर्ष गेलं, दुसरं गेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, दात धाब्यावर गेला न्हाई म्हणून दात येऊन न्हाई राह्यला. त्यांनी आपल्या परीनं उपायही केला. दाताच्या ऐवजी ज्वारीचा दाणा शेणात घालून धाब्यावर फेकला. त्या काही वाईट बाई नव्हत्या. नातीवर जीव होता. पण येता-जाता म्हणायच्या, एवढासा दात संभाळता आला न्हाई गं तुला. आणि माझी पोर शाळा सुटली की खो-खोच्या मैदानावर माती चाळत बसायची. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून दाखवलं. किती समजावलं, पण ती ऐकायची न्हाई. तिला वाटायचं, तो सापडला की सगळं नीट होईल.

मला वाटलं आता डॉक्टरीणबाई हसतील. त्या बिलकुल हसल्या न्हाईत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाजूचा दात कधी आला?" मी म्हणाले, आत्ताच, दिवाळीच्या सुमाराला. त्या म्हणाल्या, "मधला यायच्या आधी बाजूचा? हे बराबर न्हाई. पंगतीत एक पान सोडून पुढच्याला वाढलं तर काय समजायचं? वाढप्याला कुणीतरी अडवलंय." आणि खोली न बघताच भाडं ठरवून गेल्या.

मनी काही त्यांना तोंड उघडून दाखवेना. बाईंनी जबरदस्ती केली न्हाई. त्यांनी उलटंच केलं. दुपारी दवाखाना रिकामा झाला की स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसायच्या आणि आरसा-बॅटरी मनीच्या हातात द्यायच्या. "मोज माझे." मनी मोजायची, चुकायची, परत मोजायची. मी भिंतीपलीकडून ऐकायची. असं पुष्कळ दिवस चाललं. एक दिवस मनीचं मोजणं मध्येच थांबलं आणि बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं न्हाई. पण त्याच दुपारी मनीनं आपणहून आ केलं.

बाईंनी हिरडीवरून बोट फिरवलं. पुढून काही लागलं न्हाई. मंग टाळूकडून फिरवलं आणि बोट तिथंच ठेवून मला हाक मारली. माझं बोट धरून तिथं टेकवलं. रिकाम्या जागेच्या मागं, मऊ कातडीखाली, हरभऱ्यासारखं काहीतरी कठीण लागत होतं. "इथं कुणीतरी बसलंय," बाई म्हणाल्या. "फोटो काढावा लागंल."

आता फोटो म्हटलं की आमच्या घरात मोठं प्रकरण. एवढुशा पोरीच्या तोंडाचा फोटो, तोही औरंगाबादला जाऊन, कारण दाताच्या छोट्या फिल्मचं मशीन बाईंच्या एका सरांकडं तिथं होतं. आत्याबाईंनी साफ न्हाई म्हटलं. फोटोच्या मागं कापाकापी येणार हे त्यांना बराबर कळत होतं. पोरीच्या जातीला तोंडाची कापाकापी नको, असं त्यांचं म्हणणं. रोज संध्याकाळी बाई आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या, आणि रोज आत्याबाई ज्वारी निवडता निवडता त्यांना न्हाई म्हणायच्या. मला वाटायचं, आज भांडण होतंय. पण बाई गूळ खायच्या, चूळ भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या. चिवट बाई. इतकी चिवट बाई मी माझ्या माहेरीही बघितली न्हाई, आणि आमच्या माहेरची माणसं काही कमी न्हाईत.

एक दिवस त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "मावशी, पेरलं आणि कोंब ढेकळाखाली अडकला, तर तुम्ही काय करता?"

आत्याबाई म्हणाल्या, "ढेकूळ बाजूला करते. त्यात काय?"

"मंग?"

"मंग काय, बाई. ढेकूळ डोळ्याला दिसतं."

मला वाटलं, डाव आत्याबाईंनी जिंकला. बाई म्हणाल्या, "मी पण तेच म्हणून राह्यले, मावशी. डोळ्याला दिसलं पाहिजे. न्हाई दिसलं तर मी परत हे नावच काढणार न्हाई."

आत्याबाईंचे हात सुपावर थांबले. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मी पण येईन. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

अशा आम्ही चौघीजणी एसटीनं औरंगाबादला गेलो. सरांनी दोन बाजूंनी दोन फोटो काढले, म्हणजे जो मध्ये बसलेला आहे तो पुढं आहे की मागं हे कळतं. फिल्म धुवून आली ती एवढीशी, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि आधी मला न्हाई, मनीला न्हाई, आत्याबाईंना पुढं बोलावलं. हा बघा आलेला दात. हा बघा न आलेला, वर थांबलेला, चांगला अख्खा. आणि त्याच्या वाटेत हा.

आत्याबाईंनी पदरानं चष्मा पुसला. बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा तर उलटा आहे."

खरंच उलटा होता. एक छोटा सुळकेदार दात, टोक वर आणि मूळ खाली, रस्त्यात आडवा यावा तसा बसलेला. बाई म्हणाल्या, हा जास्तीचा. काही पोरांना येतो. कुणाच्या चुकीनं न्हाई, जन्माच्या आधीपासूनच तिथं तयार होत असतो.

मनी हात तोंडावर ठेवून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मंग मी हरवला म्हणून न्हाई?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा आणि शेवटचं बाईंना कुणाच्या डोळ्यांत बघून बोलताना पाहिलं. त्या खाली बसल्या, बूट तसेच, साडी फरशीवर, आणि म्हणाल्या, "न्हाई. तुझं काहीच हरवलं न्हाई, बेटा. तुझ्याकडं एक जास्त आहे."

मला रडू आवरलं न्हाई. आत्याबाई खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. येताना गाडीत त्यांनी मनीला आपल्या मांडीजवळ ओढून घेतलं आणि भोकरदन येईपर्यंत तिच्या डोक्यावरचा हात काढला न्हाई. खो-खोच्या मैदानावरची माती त्या दिवसापासून सुटली.

पण एवढ्यावर भागलं न्हाई. आता मनीचे बाबा अडून बसले. ते बाजार समितीत कामाला, सगळं दहाजणांना विचारून करणारा माणूस. जालन्याला गेल्ते, तिथल्या एका जुन्या, नावाजलेल्या डॉक्टरांना फोटो दाखवून आले. ते म्हणाले, पोर लहान आहे, घाई करू नका, बारा-तेराची होऊ द्या, मंग काढू. त्यांचंही काही वेडंवाकडं नव्हतं. पुष्कळजण तेव्हा तसंच सांगायचे. मनीच्या बाबांना ते पटलं, कारण त्यात आज काही करायचं नव्हतं.

बाईंनी ओट्यावर बसून सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते माझ्यापेक्षा अनुभवी आहेत. पण ह्या वरच्या दाताचं मूळ अजून अर्धं आहे. तोवर त्याच्यात खाली यायचा जोर असतो. मूळ पुरतं झालं की जोर गेला. मंग वाट मोकळी केली तरी तो जागचा हलायचा न्हाई."

"आणि आत्ता मोकळी करून पण न्हाई आला तर?" यांनी विचारलं.

"न्हाईही येणार. तसं झालं तर तार लावून ओढू. मी खोटं बोलणार न्हाई."

"मंग थांबलेलं काय वाईट, मॅडम?"

बाई उठल्या. आम्हाला वाटलं, चूळ भरायला चालल्या. पण त्यांनी तिथंच तोंडात दोन बोटं घातली आणि काहीतरी काढून यांच्यासमोर तळहातावर ठेवलं. गुलाबी पट्टी, तिला तारेचे आकडे आणि पुढं एकच दात. यांनी दचकून पाय वर घेतले. आत्याबाई "अगं बाई" म्हणाल्या. मनी मात्र जागची हलली न्हाई. तिनं ते मोजताना केव्हाच ओळखलं होतं.

बाई बोलायला लागल्या तेव्हा शब्दांतून वारं निघत होतं. "माझे वडील पण हेच म्हणाले. चांगला माणूस होता. थांबा, येईल. सगळे म्हणाले, येईल. पंधराव्या वर्षी फोटो काढला, तर आत असाच एक बसलेला. तो काढला. मंग वरचा आलाच न्हाई, ओढून पण आला न्हाई." पट्टी मुठीत धरून त्या यांच्याकडं बघत होत्या, म्हणजे यांच्या दातांकडंच. "वाट बघायला माझी ना न्हाई, भाऊ. ती पण एक दवाच आहे. पण कशाची वाट बघून राह्यलो, ते माहीत पाहिजे. आमच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे."

बाईंनी मोरीत जाऊन पट्टी धुतली, बसवली आणि रोजच्यासारखी चूळ भरून निघून गेल्या. सकाळी यांनी चहा पिता पिता मला विचारलं, औरंगाबादची पहिली गाडी किती वाजता असते.

दात काढला तो सरांनी, बाई शेजारी मनीचं डोकं धरून उभ्या. टाळूकडून हिरडी उचलली, तो उलटा पाहुणा बाहेर काढला आणि परत टाके घातले. आम्ही बाहेर बाकावर. आत्याबाई माळ ओढत होत्या, हे उगाच भिंतीवरचे दातांचे तक्ते वाचत होते. मनी बाहेर आली ती ओठ सुजवून, पण हातात कापसात गुंडाळलेला दात घेऊन. एवढासा. ह्याच्यापायी माझी पोर दोन वर्षं माती चाळत होती, असं माझ्या मनात आलं आणि मला त्या दाताचा राग आला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी शेण कालवलं. मी म्हटलं, आत्याबाई, आता कशाला? त्या म्हणाल्या, "फेकायचा राह्यला होता ना, तो फेकते." बाई शेजारी उभ्या होत्या. मला वाटलं, त्या समजावतील. त्या म्हणाल्या, "मावशी, जरा लांब फेका, पन्हाळीत नको." आणि गोळा धाब्यावर पडल्यावर टाळ्या वाजवल्या.

मंग आम्ही वाट बघायला लागलो, कशाची ते माहीत असलेली. ती काही सोपी न्हाई. बाईंनी जागा आखडू नये म्हणून मनीला तारेची एक पट्टी करून दिली, ती मनी जेवताना काढून वाटीत ठेवायची आणि मी दोनदा ती खरकट्यासोबत टाकता टाकता वाचवली. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, दसरा झाला. हिरडी तशीच. गल्लीत बायका विचारायच्या, काय झालं गं त्या कापाकापीचं. यांनीही दोन-चारदा जालन्याच्या डॉक्टरांचं नाव काढलं. बाई दर आठवड्याला बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "निघालाय." बस, एवढंच. त्यांच्या आवाजात कधी कमीजास्त झालं न्हाई. पण एक मला माहीत आहे, कारण भिंत प्लायवूडची होती. रात्री दवाखाना बंद करायच्या आधी त्या ती फिल्म दिव्याला धरून बघायच्या. कागदाच्या पाकिटातून ती काढताना होणारा आवाज मी ओळखायला लागले होते.

हळूहळू बघायचं काम आत्याबाईंनी आपल्याकडं घेतलं. सकाळी मनीची वेणी घालायच्या आधी तिला उजेडात उभी करायच्या. एके सकाळी मी मशीनवर बसले होते, तर आत्याबाई मनीला हाताला धरून ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. आत खुर्चीत एक शेतकरी तोंड उघडून बसलेला. आत्याबाईंचा आवाज भिंतीपलीकडून आला, "ह्याला सोडा, बाई. हे जाणारे आहेत. आधी इकडं बघा."

मी धावत गेले. बाईंनी बॅटरी लावली. हिरडीतून पांढरी कड बाहेर आली होती, तांदळाच्या कणीएवढी. बाईंनी बॅटरी विझवली, परत लावली, परत बघितलं. मंग बाकावर पेशंटांच्या मध्ये जाऊन बसल्या, पर्समधून गुळाचा खडा काढला, अर्धा आत्याबाईंना दिला, अर्धा स्वतः खाल्ला. त्या दिवशी त्यांनी चूळ भरल्याचा आवाज मला ऐकू आला न्हाई.

दात पुरता खाली यायला पुढं बराच काळ गेला. आला तो जरा वाकडा आला, मंग हळूहळू सरळ झाला. पण मनीचा हात काही तोंडावरून गेला न्हाई. दात आला तरी ती हातामागूनच हसायची. मी ओरडायची, आत्याबाई समजावायच्या, बाबा आरसा दाखवायचे. बाई म्हणायच्या, राहू द्या, आतलं मी बघते, हाताचं तिचं ती बघंल. पण मला कळत होतं, त्यांना ते खुपत होतं. काम पुरतं झालं न्हाई असं त्यांना वाटायचं.

मनी सहावीत असताना बाईंनी खोली सोडली. भोकरदनला तोवर आणखी एक-दोन दवाखाने झाले होते. मंठ्याकडं पोरांच्या तोंडात कुणी बघत न्हाई, असं कुणाकडून तरी कळलं होतं. म्हणजे माझ्याकडूनच, दुसऱ्या कुणाकडून? माहेराहून आले की मीच तिकडच्या पोरांचं सांगत बसायची. सामान ट्रकनं पुढं गेलं. पत्र्याची पाटी त्यांनी स्वतः काखेत धरली. आम्ही सगळे स्टँडवर पोचवायला गेलो. त्यांना निरोप घेता यायचा न्हाई, नावंच माहीत नसली की निरोप कुणाचा घेणार. आत्याबाईंना नमस्कार केला, माझ्या दिराला, "सुळ्याकडं लक्ष ठेवा," म्हणाल्या, आणि जालन्याच्या गाडीत खिडकीशी बसल्या.

मनी माझ्यामागं उभी होती. हात तोंडावर. डोळे भरलेले. स्टँड माणसांनी गच्च, तिच्या वर्गातली पोरं पण तिथंच. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, आणि बाईंनी खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन, तो मोठा आवाज काढून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"मनी. आ कर."

नाव घेतलं त्यांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या पोरीनं हात खाली घेतला. माझ्यामागून पुढं आली, त्या गर्दीत, त्या पोरांसमोर मान वर केली आणि जेवढं उघडता येईल तेवढं तोंड उघडलं. बाई खिडकीतून वाकून बघत होत्या, नाकाच्या खाली, नेहमीच्या जागी. गाडी स्टँडातून वळून जालना रोडला लागेपर्यंत मनीनं तोंड मिटलं न्हाई.